बिनतारी आज्ञा आणि मुक्त सॉफ्टवेअर

रेडिओ म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें ऐकण्याचें यंत्र उभें राहतें. दूरच्या केंद्रावरून कोणी बोलावें, गावें, बाजारभाव व पाऊसपाण्याचें वर्तमान सांगावें, आणि श्रोत्यांनीं तें घरबसल्या ऐकावें, हा त्याचा परिचित उपयोग होय. परंतु ज्या लहरी शब्द वाहून नेतात त्या आज्ञाही वाहून नेऊं शकतात. हातांतील पेटीवरची दांडी डावीकडे कलविली आणि दोन शेतें ओलांडून उडणारें लहानसें विमान डावीकडे वळलें, तर तेथें कोणी बोललें नसलें तरी कार्य रेडिओचेंच असतें. छंदाखातर उडविलीं जाणारीं विमानें, होड्या व मोटारी यांना अशा आज्ञा देणारी जी प्रेषक पेटी, तिला ट्रान्स्मिटर म्हणतात. तिच्या पोटांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीं, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीविषयीं, आजचें हें भाषण आहे. हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूरसारख्या गांवाला या विषयाशीं काय कर्तव्य, याचाही विचार त्याच्या ओघांत करावयाचा आहे.

बिनतारी आज्ञेची कल्पना आजची नव्हे. १८९५च्या सुमारास आचार्य जगदीशचंद्र बसू यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतींच्या आरपार विद्युत्-लहरी पाठवून दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली. पुढें १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान होडी बिनतारी आज्ञांनीं चालवून दाखविली. टेस्लांनीं आपल्या होडीचें पेटंट घेतलें. बसूंना मात्र आपल्या शोधांतून द्रव्य मिळविण्याची इच्छा नव्हती. मित्रांच्या आग्रहास्तव १९०४ सालीं अमेरिकेंत त्यांच्या नांवें एक पेटंट नोंदलें गेलें, तरी त्याचा लाभ त्यांनीं घेतला नाहीं. शोध राखून ठेवावा कीं सर्वांपुढें मांडावा, हा प्रश्न अशा रीतीनें या विद्येच्या जन्मापासूनच तिच्या सोबत आहे, आणि आजच्या विषयाचें मूळही तोच आहे.

या पेटीची रचना समजण्यास अवघड नाहीं. तिच्यावर दोन दांड्या असतात. दांडी जितकी कलते तितका तिच्या बुडाशीं असलेल्या मापकांतला विजेचा दाब बदलतो. आंतला लहान संगणक तो दाब मोजून त्याची संख्या करतो : मध्यावर शून्य, एका टोकास उणे शंभर व दुसऱ्या टोकास अधिक शंभर. या संख्यांवर कांहीं गणित होतें आणि आलेलीं उत्तरें रेडिओ लहरींवर चढवून पाठविलीं जातात. विमानांतील ग्राहक यंत्र, म्हणजे रिसीव्हर, तीं उत्तरें वाचून सर्व्हो नांवाच्या लहान मोटारींना विजेचे ठोके देतें. एका सेकंदाचे दहा लाख भाग कल्पिले, तर १,५०० भाग टिकणाऱ्या ठोक्यानें सर्व्होचा हात मधोमध राहतो. १,००० भागांच्या ठोक्यानें तो एका बाजूस व २,००० भागांच्या ठोक्यानें दुसऱ्या बाजूस जातो. त्या हाताला तारेनें जोडलेली पंखाची झडप हलते आणि विमान वळतें.

यावरून ध्यानांत येईल कीं, दांडी आणि लहर यांच्यामध्यें जें गणित होतें तेंच या पेटीचें मर्म होय. एक उदाहरण घ्यावें. शेपूट नसलेलें, नुसत्या पंखाचें असें एक विमान असतें. त्याला दोनच झडपा असतात. चढणें-उतरणें आणि डावी-उजवीकडे कलणें हीं दोन्ही कामें त्याच दोन झडपांकडून करून घ्यावीं लागतात. म्हणून एका झडपेला दोन आज्ञांची बेरीज पाठवावयाची व दुसरीला वजाबाकी. चढण्याची आज्ञा ६० व कलण्याची ७० असली तर बेरीज १३० होते आणि वजाबाकी उणे १०. परंतु झडप शंभराच्या पुढें वळूं शकत नाहीं. तीस वायां जातात आणि विमान मनाजोगें वळत नाहीं. दोन्ही आज्ञा आधीं निम्म्या केल्या, तर उत्तरें ६५ व उणे ५ येतात आणि कांहीं वायां जात नाहीं. उणे-अधिक संख्या व शेंकडेवारी शाळेंत शिकलेल्या कोणत्याही मुलाला हें गणित करतां येईल. प्रश्न इतकाच कीं, पेटी त्याला तें करूं देते कीं नाहीं.

बहुतेक पेट्यांत हें गणित कारखानदारानें ठरवून बंद केलेलें असतें. त्यानें दिलेल्या चार-सहा रीतींपैकीं एक निवडावयाची, एवढेंच ग्राहकाच्या हातीं. एखादी रीत त्याला सुचली नसेल तर ती मिळावयाची नाहीं. एखादा दोष राहिला असेल तर तो दूर होण्याची वाट पाहावयाची. आणि कारखानदारानें नवी पेटी बाजारांत आणून जुनीकडे पाठ फिरविली, तर धडधाकट पेटी अडगळींत टाकावयाची. वस्तु विकत घेतली, पण तिची किल्ली दुकानदाराजवळच राहिली, अशी ही अवस्था.

ही किल्ली मिळविण्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. २००९-१०च्या सुमारास चीनमध्यें तयार झालेली ‘नाइन-एक्स’ जातीची एक स्वस्त पेटी जगभर खपूं लागली. फ्लायस्काय आणि टर्निजी अशा नांवांनीं ती विकली जाई. तिच्यांत एटमेगा ६४ ही चिप होती. या चिपमध्यें आज्ञावलीसाठीं ६४ किलोबाइट, म्हणजे सुमारें पासष्ट हजार अक्षरें मावतील इतकीच जागा असते. एका लहान पुस्तकापुरती. दांड्या, बटणें, पडदा सारें कांहीं पेटींत होतें; उणें होतें तें आज्ञावलींत. निरनिराळ्या देशांतील छांदिष्टांनीं पेटी उघडली, चिपच्या पायांना सहा बारीक तारा डाखल्या आणि त्या वाटेनें जुनी आज्ञावली पुसून स्वतः लिहिलेली नवी आंत घातली. थॉमस हुस्टेरर यांची ‘टीएचनाइनएक्स’ ही आरंभींची आज्ञावली. तिच्या आधारानें एरेझ राविव्ह यांनीं ‘ईआरनाइनएक्स’ लिहिली. पुढें बर्ट्रांड साँगी यांच्या पुढाकारानें ‘ओपन-नाइन-एक्स’ निघाली आणि तीच ‘ओपनटीएक्स’ या नांवानें प्रसिद्ध झाली. २०१३ सालीं फ्रस्काय या चिनी कंपनीनें ‘टारानिस’ नांवाची पेटी काढली, ती मुळांतच ओपनटीएक्स घालून. जें काम छांदिष्टांनीं डाखणकाम करून चोरवाटेनें आरंभिलें होतें, तें चार-पांच वर्षांत कारखान्याच्या पुढच्या दारानें आंत आलें.

याहून महत्त्वाची गोष्ट नंतर घडली. ओपनटीएक्सचें काम पुढें मंदावलें. बंद आज्ञावली असती तर तिच्यावर अवलंबून असलेल्या पेट्यांचें भवितव्य तेथेंच थांबलें असतें. परंतु मूळ लिखाण सर्वांपुढें उघडें असल्यामुळें दुसऱ्या कांहीं जाणत्यांनीं तें उचललें आणि २०२१ सालीं ‘एजटीएक्स’ या नांवानें पुढें चालविलें. एजटीएक्सच्या लेखनाच्या आरंभीं आजही लिहिलेलें आढळतें कीं, हें लेखन ओपनटीएक्स, टीएचनाइनएक्स, ईआरनाइनएक्स व ग्रूव्हिननाइनएक्स यांवर आधारलेलें आहे. हिंगोली जिल्ह्यांत नरसी हें संत नामदेवांचें गांव आहे. गुरूचें नांव घेतल्यावांचून शिष्यानें पुढें बोलूं नये, हा दंडक तेथील माणसाला समजावून सांगावा लागत नाहीं. यंत्रविद्येंत तोच दंडक इतक्या निष्ठेनें पाळला जावा, ही आनंदाची गोष्ट आहे.

हा उघडेपणा केवळ सौजन्यावर सोडलेला नाहीं. त्याच्या पाठीशीं ‘जीएनयू सार्वजनिक परवाना’ हा कायदेशीर लेख आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ आरंभिली तिच्यांतून तो निघाला. ओपनटीएक्स व एजटीएक्स यांना लागू असलेली त्याची दुसरी आवृत्ति १९९१ची आहे. आज्ञावली कोणत्याही कामासाठीं चालवावी, तिचें मूळ लेखन वाचावें, त्यांत बदल करावा, आणि ती दुसऱ्याला द्यावी, असे चार अधिकार या परवान्यानें प्रत्येकाला मिळतात. त्यांबरोबर एक बंधनही येतें : बदललेली आज्ञावली जो दुसऱ्यास देईल, त्यानें तिचें मूळ लेखनही द्यावें. विहिरीचें पाणी कितीही उपसावें, पण विहिरीला कुलूप घालूं नये, असा हा करार आहे.

आतां आखाडा बाळापूरकडे वळूं. हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या वाटेवरचें, कळमनुरी तालुक्यांतलें हें गांव. भोंवतालीं कापूस, सोयाबीन आणि हळद. येथें छंदाचीं विमानें उडविण्याचा काय उपयोग, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें उत्तर शेतांतच आहे. औषधाची फवारणी करणारे ड्रोन आतां मराठवाड्याच्या शेतांवर दिसूं लागले आहेत. २०२३च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें १५,००० महिला बचत गटांना असे ड्रोन पुरविण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. या ड्रोनलाही आज्ञा देणारी पेटी, ग्राहक यंत्र, संख्या आणि गणित असतेंच. किडीचा प्रादुर्भाव झाल्यावर फवारणीला दोन-चार दिवसांचाच अवधि असतो. ढग दाटून आले तर तेवढाही नाहीं. त्या वेळीं ड्रोन रुसला आणि दोष कोठें आहे हें सांगणारा माणूस पुण्याहून यावयाचा असला, तर यंत्र असून नसल्यासारखें होतें. मोटारपंप आले तेव्हां गांवोगांव पंप बांधणारे तयार झाले, कारण पंप उघडून पाहतां येत होता. बंद पेटीच्या बाबतींत तसे कारागीर निपजणार कसे?

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सरकारी मान्यता घेऊन विकल्या जाणाऱ्या फवारणी ड्रोनमध्यें कोणीही आपल्या मनानें फेरफार करूं नये. त्यावर औषध असतें, खालीं माणसें असतात, आणि मान्यता ज्या रचनेला मिळाली तिलाच ती लागू असते. शिकावयाचें तें छंदाच्या लहान पेटीवर आणि हलक्या विमानावर. परंतु तेथें जो मुलगा किंवा जी मुलगी दांडीपासून झडपेपर्यंतचा सारा मार्ग स्वतः जोडून पाहील, तिला मोठ्या यंत्राचा दोष पेटींत आहे, बॅटरींत आहे कीं तारेंत आहे, हें तर्कानें ओळखतां येईल. वैद्य होण्यापूर्वीं नाडी कळावी लागते, तसेंच हें आहे.

पेटी विकत घेण्याची ऐपत नसेल तरीही अभ्यास अडत नाहीं, हा मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा लाभ. एजटीएक्सबरोबर ‘कम्पॅनियन’ नांवाचें एक साधन विनामूल्य मिळतें. तें साध्या संगणकावर चालतें आणि त्यांत पेटीची हुबेहूब नक्कल पडद्यावर उभी राहते. तेथें दांडी हलवावी, गणित बदलावें, उत्तर कोणत्या झडपेला किती गेलें तें पाहावें. चूक झाली तर कांहीं पडत नाहीं, मोडत नाहीं. शाळेंत एक संगणक असला तर वर्गांतील प्रत्येक मुलाला या पेटीवर हात फिरवितां येईल. उणे-अधिकाचें गणित, आलेख, ‘आणि’ व ‘किंवा’ यांचें तर्कशास्त्र या गोष्टी फळ्यावर रुक्ष वाटतात. त्याच विमानाच्या पंखावर दिसूं लागल्या कीं मुलांना त्यांची गोडी लागते.

भाषेची अडचण मोठी आहे, हें मान्य केलें पाहिजे. या विद्येचें बहुतेक लेखन इंग्रजींत आहे. परंतु येथेंही उघडेपणा साहाय्यास येतो. ही पेटी बोलते. बॅटरी उतरली, वेळ संपली, अमुक बटण चालू झालें, हें ती आवाजानें सांगते. हे आवाज स्मृतिपत्रावर, म्हणजे मेमरी कार्डावर, साध्या ध्वनिफितींच्या रूपानें सांठविलेले असतात. त्या काढून त्यांच्या जागीं त्याच नांवाच्या मराठी ध्वनिफिती ठेवल्या, तर पेटी मराठींत बोलूं लागते. ‘बॅटरी उतरली, विमान खालीं घ्या’ हें वाक्य बाळापूरच्या एखाद्या मुलीच्या आवाजांत निघावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. संख्यांची व्यवस्थाही सोईची आहे. शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येची फीत वेगळी असते. इंग्रजींत वीस आणि एक जोडून एकवीस करतां येतात. मराठींत एकुणतीस, त्रेचाळीस, सदुसष्ट हीं प्रत्येकीं स्वतंत्र नांवें आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र फीत असल्यामुळें मराठीची अडवणूक होत नाहीं. पडद्यावरील शब्द मराठींत आणणें अधिक कष्टाचें आहे, कारण त्यासाठीं देवनागरी अक्षरांचे आकार आज्ञावलींत बसवावे लागतील. तें काम मोठें असलें तरी तें करण्यास दार बंद नाहीं, हें महत्त्वाचें.

स्वातंत्र्याच्या मागोमाग जबाबदारी येतेच. या परवान्यांत स्वच्छ लिहिलें आहे कीं, आज्ञावलीची कोणतीही हमी दिलेली नाहीं. म्हणून हमी चालविणाऱ्यानें स्वतः घ्यावयाची असते. पहिला नियम असा कीं, संपर्क तुटला तर विमानानें काय करावें, हें उडविण्यापूर्वीं ठरवावें. यास फेलसेफ म्हणतात. कांहीं ग्राहक यंत्रें संपर्क तुटल्यावर शेवटचीच आज्ञा धरून बसतात. शेवटची आज्ञा पूर्ण वेगाची असली तर विमान त्याच वेगानें सुटतें. म्हणून संपर्क जातांच मोटर बंद पडेल अशी योजना करावी, आणि पंखा काढून ठेवून, पेटी बंद करून, ती खरोखर बंद पडते कीं नाहीं हें जमिनीवरच पाहावें. दुसरा नियम : नवी आज्ञावली घालण्यापूर्वीं जुन्या जुळणीची नक्कल संगणकावर ठेवावी, आणि नवी घातल्यावर प्रत्येक झडप योग्य दिशेनें हलते याची खात्री करावी. डावी-उजवी उलट झालेलें विमान जमिनीवर हंसूं आणतें, आकाशांत तें घातक होतें. तिसरा नियम : पेटीची शक्ति मुद्दाम कमी करून चालण्याची सोय असते, ती लावून, तीस-चाळीस पावलें दूर जाऊन, आज्ञा पोंचतात कीं नाहीं हें पाहावें.

कायद्याचें भानही हवें. आकाशांतील लहरी ही सर्वांची सामाईक मालमत्ता असून तिची वांटणी सरकार करतें. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतांत २००५ सालीं, ठराविक शक्तीच्या मर्यादेंत व मान्यताप्राप्त उपकरणांसाठीं, परवान्यावांचून वापरण्यास खुला झाला. छंदाच्या बहुतेक पेट्या याच पट्ट्यांत चालतात. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा लहान पट्टाही अशाच रीतीनें खुला आहे. परंतु अमेरिकेंत चालणारीं ९१५ मेगाहर्ट्झचीं उपकरणें येथें चालवूं नयेत. त्याच्या लगतच्या लहरींवर आपल्याकडे मोबाइल दूरध्वनि चालतात. रेडिओ दुव्याची ‘एक्सप्रेसएलआरएस’ ही आणखी एक मुक्त आज्ञावली आहे. तिच्यांत भारतासाठीं ८६६ मेगाहर्ट्झची वेगळी निवड ठेवलेली आहे. ती निवडणें न निवडणें वापरणाऱ्याच्या हातीं असतें, म्हणून तिचा अर्थ त्याला कळला पाहिजे. उड्डाणाविषयीं २०२१ सालचे ड्रोन नियम आहेत. सरकारनें प्रसिद्ध केलेल्या नकाशांत हिरव्या रंगाच्या क्षेत्रांत १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणास मोकळीक आहे. परंतु नकाशा पाहिल्यावांचून आपलें शेत हिरवें आहे असें कोणी गृहीत धरूं नये. विमान नेहमीं नजरेच्या टप्प्यांत ठेवावें, आणि माणसें, गुरें व विजेच्या तारा यांच्यावरून नेऊं नये.

कोणी म्हणेल कीं, हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ; शेतकऱ्याच्या मुलानें यांत वेळ कां दवडावा? यंत्रें तर गांवांत येणारच आहेत. कापूस वेचण्यापासून पाणी देण्यापर्यंत उद्यांच्या शेतीचीं साधनें कोणत्या ना कोणत्या आज्ञावलीवर चालतील. त्यांच्यापुढें गांवचा तरुण नुसता बटण दाबणारा म्हणून उभा राहणार, कीं बटणामागें काय घडतें हें जाणणारा म्हणून, एवढाच प्रश्न आहे. याच हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. लायगोच्या शास्त्रज्ञांनीं त्या लहरी शोधण्यासाठीं लिहिलेल्या आज्ञावलींपैकीं अनेक मुक्त आहेत. विश्वाच्या टोंकाकडून येणाऱ्या लहरी वाचण्याची विद्या आणि शेताच्या बांधावरून विमान वळविण्याची विद्या यांत अंतर फार असेल. पण दोहोंचीं पुस्तकें उघडीं आहेत आणि पहिलें पान दोहोंतही सारखेंच, संख्या व गणित यांचें आहे.

तेव्हां आरंभ लहान करावा. गांवांतील शाळेनें एका संगणकावर कम्पॅनियन बसवावें. आठवीं-नववींच्या मुलांनीं दोन झडपांच्या विमानाचें गणित त्यावर मांडावें. भाषेच्या शिक्षकांनीं शून्य ते नव्व्याण्णव या संख्या शुद्ध उच्चारांत मुलांकडून बोलवून घ्याव्यात. वर्षभरांत एखादी पेटी व हलकें विमान वर्गणींतून घेतां आलें तर उत्तमच. नाहीं आलें तरी शिकलेलें वायां जात नाहीं. जगांतील अनोळखी माणसांनीं पंधरा वर्षें खपून जें लिहून ठेवलें, तें बाळापूरच्या मुलांसाठींही लिहिलें आहे. वाचण्यास सुरुवात मात्र येथल्यांनींच केली पाहिजे.